आरक्षणाचा तास दरवर्षी फिसकटायचा, काय बदलल्यावर तो नीट चालायला लागला

प्रॉब्लेम असा आहे. मी एसवायबीएला (बीएच्या दुसऱ्या वर्षाला) राज्यशास्त्र शिकवते, मराठवाड्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, पटावर ७० आणि प्रत्यक्षात चाळीसेक मुलंमुली. संविधान शिकवताना कलम १५ आणि १६ येतं, म्हणजे आरक्षण येतं, आणि दरवर्षी त्या दिवशी तास हातातून जायचा. एखाद्या वर्षी झालं असतं तर ती बॅचच तशी होती म्हणून सोडून दिलं असतं, पण सलग पाच-सहा वर्षं मुलं वेगवेगळी आणि बिघाड मात्र तोच, म्हणजे तो मुलांत नव्हता, मी तास ज्या पद्धतीनं लावत होते त्यात होता. हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. ज्यांना जात, आरक्षण, धर्म, आंतरजातीय लग्न असले विषय कॉलेजच्या वर्गात घ्यावेच लागतात त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, काय केलं, काय चाललं आणि काय अजून अडलंय ते पण.

आधी लक्षणं ओळखा

पहिलं लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं. आवाज चढतात, मागच्या बाकावरची तीन-चार पोरंच बोलत राहतात, बाकीचे बघत बसतात, मग कोणीतरी 'तुम्ही लोक' म्हणतं आणि तिथून पुढे कोणीच कोणाचं ऐकत नाही. दुसरं म्हणजे सगळे गप्प, प्रश्न विचारला की माना खाली, आणि आपण समजतो की चला, विषय शांततेत पार पडला. तिसरं मला सगळ्यात उशिरा कळलं. वर्गात सगळं गोड चालतं, मुलं समता, बंधुता असं पुस्तकातलं छान बोलतात आणि रात्री नऊनंतर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटतं, कोणी स्टेटस ठेवतं, कोणी ग्रुप सोडतं, आणि सकाळी तासाला येऊन बघावं तर नेहमीची दोन बाकं रिकामी. आपल्याला पत्ताच नसतो काय झालं. एका वर्षी एका मुलीनं मला परीक्षेनंतर, म्हणजे चार महिन्यांनी सांगितलं की मॅडम, त्या तासानंतर मी आणि माझी रूममेट बोलत नाही आहोत.

तिन्ही लक्षणांचं मूळ बऱ्याच अंशी एकच निघालं, म्हणून तिन्ही एकत्र सांगतेय.

पहिला बिघाड: प्रश्नच चुकीचा

मी तास कसा सुरू करायचे? 'आरक्षण असावं की नसावं, तुम्हाला काय वाटतं?' फार मोकळा, लोकशाही प्रश्न वाटायचा मला तो. पण आपली मुलं शाळेपासून 'मोबाईल शाप की वरदान' असे निबंध लिहून आणि वादविवाद स्पर्धेत अनुकूल-प्रतिकूल बोलून आलेली असतात, असा प्रश्न कानावर पडला की त्यांच्या डोक्यात स्टेज उभं राहतं, एक बाजू घ्यायची, समोरच्याला पाडायचं, टाळ्या घ्यायच्या. त्यात विषय जातीचा, म्हणजे बाजू निवडायला पण वाव नाही, ती आडनावाबरोबर मिळालेलीच असते. एका वाक्यात मी चाळीस माणसांना चाळीस जातींचे प्रतिनिधी करून टाकायचे आणि वर म्हणायचे की मोकळेपणानं बोला.

आता तो प्रश्न मी विचारतच नाही. त्याऐवजी हातात एक कागद देते आणि त्याच्याबद्दल विचारते. सगळ्यात चांगला चाललेला कागद म्हणजे शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश. महाराज तेव्हा इंग्लंडला होते आणि करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात आदेश निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांनी भरायच्या. आदेश लहानसा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. प्रश्न असा देते की या आदेशात मागास म्हणजे कोण धरलंय, नीट शोधा. मुलं शोधतात तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. मग वर्गात एकदम वेगळीच शांतता होते कारण त्या व्याख्येत मराठा पण आला, आज जे ओबीसीत आहेत ते पण आले, दलित पण आले, एकाच ओळीत. जी मुलं एकमेकांकडे तोंड करून भांडायच्या तयारीत आलेली असतात ती एका कागदाकडे बघायला लागतात. मग पुढचा प्रश्न आपोआप त्यांच्याकडूनच येतो, की मग ही वर्गवारी नंतर बदलली कशी, कोणी बदलली. तिथून पुढे शिकवायला मजा येते.

२०२३ च्या सप्टेंबरनंतर हे जास्तच गरजेचं झालं. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर आमच्या भागात गावोगावी पुढाऱ्यांना गावबंदीचे बोर्ड लागले होते, वर्गातली मुलं मोर्चाला जाऊन येत होती, आणि तोपर्यंत जी रेघ ओपन आणि कॅटेगरी अशी होती ती मराठा आणि ओबीसी अशी झाली. एकाच एसटीनं येणारी, एकाच गावची मुलं. तिथं 'तुम्हाला काय वाटतं' हा प्रश्न म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकण्यासारखं होतं.

दुसरा बिघाड: माहिती आणि मत यांची खिचडी

भांडण सुरू होतं तेव्हा मुलं ज्या गोष्टींवर भांडतात त्यातल्या निम्म्या मुळात मताच्या नसतातच, शोधून बघायच्या असतात. 'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होतं' हे वाक्य दरवर्षी येतं म्हणजे येतंच. खरं तर दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांसाठी होती, ती दर दहा वर्षांनी वाढवत आणलीय आणि १०४ व्या घटनादुरुस्तीनं २०३० पर्यंत नेलीय. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला घटनेत तशी मुदत नाही. दुसरं नेहमीचं वाक्य, '५० टक्क्यांची मर्यादा घटनेत लिहिलीय.' ती घटनेत नाही, कोर्टाच्या निकालांतून आली, १९६२ चा बालाजी खटला आणि मग १९९२ चा इंद्रा साहनी, नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ, त्यात मंडल आयोगाचं ओबीसींसाठीचं २७ टक्के टिकलं आणि क्रीमी लेयरची, म्हणजे त्यांच्यातल्या पुढारलेल्यांना वगळायची, अट आली.

आणि आपल्या राज्यात आरक्षण किती हे विचारलं तर मराठवाड्यात वाढलेल्या, रोज याच विषयावर बोलणाऱ्या मुलांना सांगता येत नाही. मी फळ्यावर लिहिते. राज्याच्या नोकरीत अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त आणि भटक्यांचे चारही गट मिळून ११, विशेष मागास २, इतर मागास १९, बेरीज ५२. वर २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचं १० आणि २०२४ च्या कायद्यानं मराठा समाजाचं १०. हा तक्ता लिहिला की एखादा मुलगा हमखास म्हणतो, मॅडम, आर्थिक दुर्बल म्हणजे ते ओपनमधल्यांना आहे ना, मग माझ्या भावानं फॉर्म का नाही भरला. भांडणापेक्षा ते बरं, घरी जाऊन तो भावाला काहीतरी उपयोगाचं सांगेल तरी.

तर मी काय करते, फळ्याचे तीन भाग करते. पहिल्या भागावर लिहिते 'शोधता येईल', दुसऱ्यावर 'माझ्यावर गुजरलंय', तिसऱ्यावर 'मला योग्य वाटतं'. वर्गात कोणी काही बोललं की ते वाक्य कुठल्या भागात जाईल हे वर्गानं ठरवायचं. 'त्यांना कमी मार्कांवर ॲडमिशन मिळते', हे पहिल्यात, कारण सीईटीच्या कटऑफच्या याद्या सगळ्यांना बघता येतात, काढा मोबाईल आणि किती फरक आहे ते सांगा. कधी फरक मोठा निघतो, कधी अगदी दोन-तीन मार्कांचा, कधी एखाद्या कॅटेगरीचा कटऑफ ओपनच्या शेजारीच असतो, आणि जे निघेल ते तसंच फळ्यावर जातं, मी सावरून घेत नाही. 'माझ्या ताईला चांगले मार्क असून नंबर लागला नाही', हे दुसऱ्यात. 'हॉस्टेलला पहिल्या दिवशी आडनाव विचारलं आणि मग कोणी डबा खायला बोलावलं नाही', हे पण दुसऱ्यात. 'जात न बघता गरिबी बघायला पाहिजे', हे तिसऱ्यात.

इथली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः किती वर्षं करत होते. दुसऱ्या भागातल्या गोष्टीला पहिल्या भागातलं उत्तर द्यायचे. एखादा मुलगा सांगतोय की बहिणीचा नंबर लागला नाही, घरात आई रडत होती, आणि मी त्याला टक्केवारी सांगतेय. तो गप्प बसायचा आणि मला वाटायचं पटलं. पटलेलं काही नसायचं, त्याला एवढंच कळायचं की इथं बोलून उपयोग नाही. आता नियम असा की दुसऱ्या भागातल्या गोष्टीला कोणी खोडायचं नाही, मी पण नाही, फक्त नीट ऐकायचं आणि हवं तर प्रश्न विचारायचा. दोन बाजूंच्या अशा दोन गोष्टी एकाखाली एक फळ्यावर लिहिलेल्या दिसल्या की वर्गाचा नूर बदलतो, हे मी दरवर्षी बघतेय आता.

तिसऱ्या भागाबद्दल एक गोष्ट पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगते. आरक्षण कसं असावं, किती, कोणाला, कुठल्या निकषावर, किती पिढ्या, यावर वाद घाला, संसद पण घालते, कोर्ट पण घालतं, २०२२ चा आर्थिक आरक्षणाचा निकाल तर तीन विरुद्ध दोन असा होता, तेव्हा तुमच्यात मतभेद असणं साहजिक आहे. पण वर्गात बसलेला प्रत्येकजण इथं बसायच्या लायकीचा आहे का यावर वाद नाही. अस्पृश्यता कलम १७ नं बंद केलीय, तिला दुसरी बाजू नाही. ही रेघ आधी न आखता चर्चा सुरू केली की काही मुलांना पूर्ण तासभर स्वतःच्या अस्तित्वाचं समर्थन करत बसावं लागतं, आणि आपण त्याला चर्चा म्हणतो.

तिसरा बिघाड: एकाच पोराकडे सगळ्यांच्या नजरा

'तू सांग ना, तुझा अनुभव काय?' हे चांगल्या मनानं विचारलं जातं, मी पण विचारलंय. ज्याला विचारलं त्याची जात त्या क्षणी सगळ्या वर्गासमोर जाहीर होते. तो काही बोलला तरी अख्ख्या समाजाच्या वतीनं बोलल्यासारखं, नाही बोलला तरी अवघड. आता मी या विषयाच्या दिवशी कोणालाही नाव घेऊन उठवत नाही, ज्याला बोलायचं तो बोलेल. हजेरी पण त्या दिवशी कागद फिरवून घेते, आडनावं मोठ्यानं वाचत नाही, कारण आपल्याकडं आडनाव ऐकलं की पुढचं मुलं दोन सेकंदांत जुळवतात.

आणि हा बिघाड फक्त माझ्या तासात नव्हता. ऑफिसमधून नोटीस यायची, चालू तासात दारात उभं राहून वाचायचे, 'फ्रीशिप आणि स्कॉलरशिपवाल्यांनी हात वर करा, तुमचे फॉर्म राहिलेत', आणि पाठोपाठ नावं. वर्षातून चार-पाच वेळा. ज्या वर्गात हे होतं त्या वर्गात मी कितीही छान प्रश्न तयार करून नेला तरी काय होणार, कोण कोण आहे ते आधीच मोजून झालेलं असतं. ऑफिसला सांगून सांगून, वर्ष-दीड वर्षानं, आता ते मेसेज मुलांच्या मोबाईलवर वैयक्तिक जातात. तुमच्याकडं असं चालत असेल तर चर्चेची तयारी करण्याआधी हे थांबवा, खरंच, चर्चेचं नंतर बघा.

गप्प बसणाऱ्या वर्गासाठी चिठ्ठ्या चालतात. पाच मिनिटं, नाव नाही, एकच वाक्य लिहायचं, या विषयावर वर्गात बोलायला मला काय अडवतं. मुलं काय लिहितात, 'गावात कळेल', 'ग्रुपवर स्क्रीनशॉट जाईल', 'माझी मैत्रीण दुसऱ्या कास्टची आहे तिला वाईट वाटेल', 'मला काही माहीतच नाही'. या चिठ्ठ्या मुलांकडून वाचून घेऊ नका, अक्षर ओळखतात एकमेकांचं. आणि आपण पण आधी सगळ्या मनात वाचून मगच मोठ्यानं वाचा. मी एकदा तशीच उचलली आणि वाचत गेले, अर्ध्या वाक्यात लक्षात आलं की पुढं जातीवरून शिवी आहे, थांबले, पण तोपर्यंत शब्द तोंडातून गेलेला. तिसऱ्या बाकावरची मुलगी वही मिटून बाहेर गेली. मी पुढची चिठ्ठी वाचायला घेतली कारण मला काय करावं सुचलंच नाही. ती पुढची चिठ्ठी घेणं ही त्या दिवशीची खरी चूक होती, वर्गाला त्यातून कळलं की मॅडमला हे चालतं.

असं झालं तर काय करायचं हे आता पाठ आहे. तिथंच थांबायचं. शब्दाबद्दल बोलायचं, हा शब्द इथं चालणार नाही, तो कशासाठी वापरला गेला आणि आजही दुखवण्यासाठीच वापरतात म्हणून चालणार नाही. कोणी लिहिला याचा शोध वर्गात घ्यायचा नाही. जी दुखावली तिला तासानंतर भेटायचं, पण तिच्याकडून समजावून घ्यायला नाही, तिला हवं असेल तर समान संधी कक्षाकडे तक्रार करता येते आणि मी सोबत येईन एवढं सांगायचं, निर्णय तिचा. आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला सगळ्यांसमोर कबूल करायचं की काल मी पुढे जायला नको होतं. मी त्या वेळी तिसऱ्या दिवशी बोलले, तो एक दिवस पण जास्तच होता. ती मुलगी आठवडाभरानं तासाला आली, बसायची मात्र शेवटच्या बाकावर.

अजून एक, 'ते' आणि 'त्यांचं'. 'ते लोक फुकट शिकतात', 'त्यांनी आमचं घेतलं'. मी काही रागवत नाही, दर वेळी एवढंच विचारते, ते म्हणजे कोण? अनुसूचित जाती, ओबीसी, तुझ्या शेजारचा, की व्हॉट्सॲपवर वाचलेलं कोणी? पहिल्या चार-पाच वेळेला मुलं चिडतात, मग स्वतःच बोलताना थांबून नाव घ्यायला लागतात.

तासाची मांडणी

बाकं जमिनीला ठोकलेली, गोल करून बसा वगैरे आमच्याकडं शक्य नाही. पुढच्या बाकानं मागं तोंड करायचं, चारचा गट होतो, पण गट मी रोल नंबरनं पाडते कारण आपापलं बसू दिलं तर एका गावचे, एका हॉस्टेलचे, एका जातीचे एकत्र बसतात. मोबाईल कटऑफ बघण्यापुरते बाहेर, मग बॅगेत. हा नियम एका वर्षी वीस सेकंदांची क्लिप स्टेटसला गेल्यावर केला, एका मुलाचं अर्धं वाक्य होतं त्यात, पुढचं अर्धं ऐकलं असतं तर कोणाला राग आला नसता.

चर्चा पस्तिसाव्या मिनिटाला थांबवते, कितीही रंगली असली तरी. बेल वाजताना तापलेला वर्ग बाहेर सोडला की पुढची चर्चा चहाच्या टपरीवर होते आणि तिथं फळा नसतो. उरलेल्या वेळात प्रत्येकानं वहीत लिहायचं, आज ऐकलेली अशी एक गोष्ट जी मला पटली नाही पण समजली. आणि तास मंगळवारी घेते, शुक्रवारी-शनिवारी कधीच नाही. मंगळवारी घेतला की बुधवारी, गुरुवारी मी समोर असते, रात्री ग्रुपवर जे झालं ते दुसऱ्या दिवशी वर्गात काढता येतं. शनिवारी घेतला की रविवार मधे येतो आणि सोमवारपर्यंत राग मुरलेला असतो. हा एक बदल सगळ्यात सोपा, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

'मॅडम, तुमचं मत काय?' हे विचारतातच. मी आधी म्हणायचे की मी शिक्षिका आहे, तटस्थ आहे. माझं आडनाव पण त्यांना माहीत असतं, त्यांनी त्यावरून माझं मत आधीच ठरवलेलं असतं, मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. आता पहिल्या दिवशी सांगते की सांगेन, पण परवा, तुमचं बोलून झाल्यावर, नाहीतर तुम्ही माझंच उत्तर पेपरात लिहाल. आणि परवा खरंच सांगते. की माझ्या घरात आजोबा शिकलेले होते, मला फॉर्म भरायला, कॉलेज निवडायला कोणाला विचारावं लागलं नाही, घरात पुस्तकं होती, हे मी कमावलेलं नव्हतं, म्हणून मला आरक्षण न्याय्य वाटतं. आणि कुठं मला शंका आहे ते पण सांगते, एकेका प्रवर्गाच्या आत ज्यांच्यापर्यंत अजून काहीच पोचलं नाही त्यांचं काय, पाल टाकून राहणाऱ्यांच्या मुलांकडं जातीचा दाखलाच नसतो त्यांचं काय. मग मुलं माझ्याशी वाद घालतात. घालू देते, पुराव्यानं घातला तर तोंडी परीक्षेला मार्क पण देते.

अजून सुटलेलं नाही ते

नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा विषय मला अजून नीट घेता येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मी एकदा हौसेनं काम दिलं की घरी आजीआजोबांना विचारून या, तेव्हा आपल्या गावात काय झालं होतं. काही मुलं आठवणी लिहून आली. एक मुलगा कोरा कागद घेऊन आला, म्हणाला आजी काही बोलली नाही मॅडम, दोन दिवस जेवली नाही नीट. आणि त्याच गावच्या दुसऱ्या मुलाचे आजोबा त्या वेळी कुठल्या बाजूला होते हे दोघांनाही माहीत होतं. ते काम मी परत दिलं नाही. आता छापील कागदपत्रं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं वापरते, कोणाला घरचं सांगायचं असेल तर सांगायचं, विचारायचं नाही. पण त्यामुळं विषय जरा लांबचा होऊन जातो हे पण दिसतं मला.

मुलींचं पण तसंच. फळा, चिठ्ठ्या, गट सगळं करून मुली लिहितात भरपूर, बोलत नाहीत. एकीनं वहीत लिहिलं होतं, 'जातीबद्दल बोलले तर घरी विचारतात, तुला कोण आवडतं का दुसऱ्या जातीतलं.' याच्यावर माझ्याकडं अजून इलाज नाही. यंदा चार मुलींचे वेगळे गट करून बघणार आहे, पहिले पंधरा मिनिटं फक्त, कोणाकडं याचा अनुभव असेल तर सांगा, ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी तास आहे.